नातीच्या हिशेबाची वही

सदतीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि भूगोलाचे मास्तर रजेवर असले म्हणजे भूगोलहि शिकविला. फळ्यावर अमेरिकेचा नकाशा मीं किती वेळां काढला असेल याची गणती नाहीं. मिसिसिपी नदी वरून खालीं ओढावी, पश्चिमेस रॉकी पर्वताच्या खुणा कराव्या, वर पांच सरोवरें काढावीं, आणि तास संपला कीं पुसून टाकावें, असा तो क्रम. प्रत्यक्षांत माझा प्रवास उत्तरेस काशीपर्यंत आणि दक्षिणेस रामेश्वरापर्यंत. समुद्र म्हणाल तर तो मीं कांठावरूनच पाहिला. असा मनुष्य अमेरिकेंतील स्वस्त प्रवासावर लिहूं लागला तर वाचक हंसतील, आणि त्यांनीं हंसावेंहि. परंतु या विषयाशीं आमच्या घराचा संबंध दोन पिढ्यांचा आहे, आणि त्यांत माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती सांगितल्यावांचून मला चैन पडणार नाहीं.

आमचें घर वाईस, कृष्णेच्या कांठीं. आज पंगतीला चौदा पानें मांडावीं लागतात. माझ्या लहानपणीं बावीस लागत. त्या घरांतले आमचे धाकटे काका मोठे बुद्धिमान. ते १९६५ सालीं यंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस गेले. परकीय चलनाची तेव्हां एवढी टंचाई होती कीं परदेशीं जाणारास सरकार अवघे आठ डॉलर बरोबर नेऊं देई. आठ डॉलर खिशांत घालून घरचा मुलगा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस निघाला, तेव्हां आजीनें डोळ्यांस पदर लावला आणि आजोबांनीं देवापुढें सुपारी ठेवली. काकांच्या प्रवासखर्चासाठीं मळ्याचें शेत गहाण पडलें होतें, आणि काकांच्या पाठच्या दोन बहिणींचीं लग्नें व्हावयाचीं होतीं.

१९६७ च्या उन्हाळ्यांत काकांचीं रंगीत चित्रांचीं कार्डें येऊं लागलीं. त्या काळीं ग्रेहाउंड नांवाची मोटारगाड्यांची मोठी कंपनी परदेशांतून आलेल्या प्रवाशांसाठीं नव्याण्णव डॉलरांत नव्याण्णव दिवस हवें तिकडे हिंडण्याचें तिकीट काढीत असे. तसलें एक तिकीट काकांनीं मिळविलें होतें. रात्र मोटारींत काढावयाची, सकाळीं नव्या गांवीं उतरून नळावर तोंड धुवावयाचें, दिवसभर पायीं हिंडावयाचें आणि रात्रीं पुन्हां मोटारींत बसावयाचें, असा त्यांचा नेम होता. आदल्या वर्षींच्या जूनमध्यें रुपयाचें अवमूल्यन होऊन डॉलर साडेसात रुपयांस झाला होता. म्हणजे त्या तिकिटाचे सातशें साडेबेचाळीस रुपये झाले. हा आंकडा आजोबांनीं भिंतीवर कोळशानें मांडलेला मला अजून दिसतो. शेत गहाण, बहिणी घरांत, आणि मुलगा तिकडे मौजेनें डोंगरदऱ्या पाहत फिरतो, याचा त्यांस अनावर संताप आला. अमेरिकेस एक पत्र गेलें. त्यांत काय होतें हें आठ वर्षांच्या पोरास कोण सांगणार? मला एवढेंच आठवतें कीं सहा कार्डांनंतर सातवें आलें नाहीं.

काकांनीं पुढें कर्जाची पैन् पै फेडली, दोन्ही बहिणींचीं लग्नें त्यांच्याच पैशानें झालीं. परंतु पत्र वर्षाला एक, तेंहि चार ओळींचें. एवढ्या आयुष्यांत ते वाईस दोनच वेळां आले आणि २००४ सालीं तिकडेच वारले. घरांत त्यांचा विषय निघाला कीं आमचे थोरले बंधू दादा उठून माडीवर जात. त्याचा अर्थ मला कळावयास छप्पन्न वर्षें जावीं लागलीं.

तीं सहा कार्डें मीं जपून ठेवलीं आणि शाळेंत भूगोल शिकवितांना वर्गांत फिरविलीं. देशाटनाची थोरवी सांगणारी प्रसिद्ध आर्याहि मीं शेंकडों मुलांकडून पाठ करून घेतली. जो मनुष्य एखादी गोष्ट इतरांकडून पाठ करून घेतो, तिचा प्रसंग त्याच्या घरीं आला म्हणजे तो कसा वागतो, हें आतां पाहावें.

दादांची नात २०२२ सालीं शिकागोजवळच्या एका विद्यापीठांत संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीं गेली. कर्ज तीस लाखांचें. त्यास आमचें राहतें घर तारण. कागदावर पहिली सही दादांची, दुसरी माझी. पहिलें वर्ष चांगलें गेलें. तिकडे परदेशी विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या आवारांतच, आणि तेंहि सत्र चालूं असतां आठवड्यास वीस तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते. त्याप्रमाणें ती ग्रंथालयांत पुस्तकें लावण्याचें काम करी. २०२३ च्या मे महिन्यांत, एका रविवारीं दूरध्वनीच्या पडद्यावर सर्वांचें बोलणें चाललें असतां, ती म्हणाली, "आजोबा, मीं सोळाशें डॉलर शिल्लक टाकले आहेत. सुटींत हा देश एकदां पाहून यावा असें मनांत आहे. वर्गांतली एक तेलुगु मैत्रीण बरोबर आहे."

त्या रात्रीं माजघरांत बैठक भरली. दादांचें म्हणणें मीं येथें प्रामाणिकपणें देतों, कारण तें चुकीचें नव्हतें. ते म्हणाले, "सोळाशें डॉलर म्हणजे सव्वा लाखाच्या वर रुपये. व्याज रोज चढतें आहे. घर तारण आहे. उद्यां तिला नोकरी लागण्यास सहा महिने उशीर झाला तर हप्ता कोण भरणार, तूं कीं मी? पाहणें पळून जात नाहीं. आधीं ऋण, मग तीर्थ." यावर पुतण्या गप्प, सूनबाई गप्प. मीहि मान डोलाविली. दादांचा हात अलीकडे कांपतो, म्हणून त्यांनीं सांगितलें आणि मीं लिहिलें. माझें अक्षर बरें आहे आणि भाषाहि वळणदार. त्यामुळें दादांनीं जें रागानें सांगितलें तें मीं नेटकें करून लिहिलें, आणि रागाचें लिखाण नेटकें झालें म्हणजे तें अधिकच लागतें. पुतण्यानें त्या पत्राचें छायाचित्र काढून तें तत्क्षणीं पाठवून दिलें. पूर्वीं पत्र टपालांत पडेपर्यंत एक रात्र तरी मध्यें जात असे.

चार दिवसांनीं उत्तर आलें. "आपण सर्वांनीं नको म्हटलें तर मी जाणार नाहीं. परंतु नको म्हणण्यापूर्वीं हा अंदाज पाहावा," एवढें लिहून तिनें खालीं एक तक्ता जोडला होता. आमच्या घरीं मुलांना दहाव्या वर्षापासून जमाखर्च लिहावयास लावण्याची चाल आहे; ती चाल तिनें आमच्याच पुढें आणून ठेवली. दादांनीं तो तक्ता दोन दिवस उशाखालीं ठेवला. शेवटीं वहिनी म्हणाल्या, "अहो, मी या घरांत आलें त्या वर्षीं तुम्हीं मला ट्रंकेंतलीं काकांचीं कार्डें दाखविलींत, आणि त्या लाल दरीचें कार्ड किती वेळ हातांत धरून बसलां होतां. तेव्हां ऋण नव्हतें का घरावर?" दादा कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं पूजेहून उठल्यावर त्यांनीं मला सांगितलें, "तिला कळव, जा म्हणावें. पण रोजचा खर्च रोज लिहावा आणि वही मला दाखवावी."

ती वही आतां माझ्यापुढें आहे. परदेशीं मुलें असलेलीं घरें आज आपल्यांत थोडीं नाहींत. त्यांच्या उपयोगाचें त्या वहींत पुष्कळ आहे, म्हणून तिचा सारांश देतों. आंकडे २०२३ सालचे आहेत, हें ध्यानांत ठेवावें. पुढें जाणारानें स्वतः चौकशी करावी.

अमेरिकेचें क्षेत्रफळ आपल्या देशाच्या सुमारें तिप्पट. अलास्का आणि हवाई सोडून नुसत्या मुख्य भूमींत चार निरनिराळ्या वेळा चालतात. एवढा देश विमानानें पाहावयाचा तर पैसा लागतो, आणि मधलें कांहींच दिसत नाहीं. स्वतःच्या मोटारीनें पाहावयाचा तर मोटार पाहिजे. उरली आगगाडी. तेथील उतारूंच्या गाड्या १९७१ पासून ॲमट्रॅक ही राष्ट्रीय संस्था चालविते. तिचा एक पास असतो: चारशें नव्याण्णव डॉलर, तीस दिवस, दहा टप्पे. एका गाडींत चढून उतरलें कीं एक टप्पा संपला, मग तो पन्नास मैलांचा असो वा दोन हजारांचा. तेव्हां शहाणपण असें कीं टप्पे लांबलांब अंतरांस खर्चावे आणि जवळचीं अंतरें गांवच्या मोटारीनें किंवा स्थानिक गाडीनें जावीं. पास असला तरी प्रत्येक गाडीचें आरक्षण निराळें करावें लागतें, आणि जागा मिळते ती बसण्याची, निजण्याची नव्हे. परंतु खुर्ची रुंद असते व मागें रेलतें. रूळ बहुतेक ठिकाणीं मालगाड्यांच्या कंपन्यांचे असल्यामुळें उतारूंच्या गाडीस खोळंबावें लागतें. म्हणून एका गाडींतून उतरून लगोलग दुसरी गाठण्याचा बेत करूं नये, मध्यें पांचसहा तास ठेवावे. पारपत्र आणि विद्यापीठानें दिलेलें आय-ट्वेंटी हें पत्र सदैव अंगावर बाळगावें, कारण सरहद्दीजवळच्या भागांत गाडींत तपासणी होऊं शकते.

हें सर्व वाचून आमच्या वहिनी म्हणाल्या, "यांत नवीन तें काय? माझ्या सासूबाई काशीस अशाच गेल्या होत्या." आणि तें खरें आहे. रात्र गाडींत काढली म्हणजे बिऱ्हाडाचें भाडें वांचतें, शिधा जवळ ठेवावा, धर्मशाळेंत उतरावें, आप्तांच्या गांवीं आप्तांकडे राहावें, हे आपल्या यात्रेकरूंचे शंभर वर्षांचे नियम आहेत. तिकडे धर्मशाळेच्या जागीं हॉस्टेल असतें: एका खोलींत सहा-आठ खाटा, स्त्रियांची खोली निराळी मिळूं शकते, आणि सर्वांस मिळून एक स्वयंपाकघर. येथून नेलेली थालिपिठाची भाजणी आणि मेतकूट यांवर दोन्ही मुलींनीं सबंध प्रवास काढला. चोवीस दिवसांचा जेवणाखाण्याचा खर्च दोनशें सोळा डॉलर, म्हणजे दिवसास नऊ.

पहिला टप्पा शिकागो ते न्यूयॉर्क, एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस. त्या गाडींत तिला आमिश पंथाचें एक कुटुंब भेटलें. हे लोक अठराव्या शतकाच्या आरंभापासून पेन्सिल्व्हेनियांत येऊन वसले. ते घरीं अजून जुनी जर्मन बोली बोलतात, साधे एकरंगी कपडे घालतात, स्वतःची मोटार बाळगीत नाहींत आणि विमानांत बसत नाहींत, म्हणून दूरच्या प्रवासास आगगाडीच पत्करतात. त्या घरांतील आजीबाईंनीं हिला घरचा पाव दिला, हिनें त्यांना थालिपीठ दिलें. वहींत त्या दिवसाच्या खर्चापुढें शून्य आहे, आणि शेरा असा: "त्यांच्या आजीनें विचारलें, घरीं किती माणसें? मीं चौदा सांगितलीं. त्या म्हणाल्या, मग तूं आमच्यासारखीच." सगळी अमेरिका एका सांच्याची नाहीं, हें मीं सदतीस वर्षांत एकदांहि वर्गांत सांगितलें नव्हतें.

न्यूयॉर्कच्या बंदरांतील स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहण्यास लोक पुष्कळ पैसे मोजतात. स्टेटन आयलंडला जाणारी सरकारी नाव त्याच्या समोरून जाते आणि तिला तिकीटच नाहीं. वॉशिंग्टनला तर तीन दिवसांत पाहण्याचा खर्च जवळजवळ नाहीं असें ती लिहिते. तेथें स्मिथसोनियन संस्थेचीं मोठमोठीं संग्रहालयें आहेत, आणि त्यांत प्रवेश विनामूल्य. ही संस्था १८४६ सालीं स्थापन झाली ती जेम्स स्मिथसन नांवाच्या एका इंग्रज शास्त्रज्ञाच्या मृत्युपत्रांतील देणगींतून. आणि या गृहस्थानें अमेरिका जन्मांत कधीं पाहिली नव्हती. दादांना मीं हें वाचून दाखविलें तेव्हां ते म्हणाले, "न पाहिलेल्या देशासाठीं त्यानें सारें धन दिलें, आणि आपण घरच्या मुलीला तिनें मिळविलेलें द्यायला कुरकुरलों." त्यांचा स्वर मला निराळा वाटला, पण त्याचें खरें कारण मला तेव्हां ठाऊक नव्हतें.

पश्चिमेकडचा प्रवास मोठा. शिकागोहून ॲरिझोनांतील फ्लॅगस्टाफ, तेथून मोटारीनें ग्रँड कॅन्यन. पायीं किंवा सार्वजनिक मोटारीनें येणारास प्रवेशाचे वीस डॉलर, ते सात दिवस चालतात. आंत कड्याकडेनें फिरणाऱ्या गाड्या फुकट. कोलोरॅडो नदीनें कोरलेली ही दरी सुमारें ४४६ किलोमीटर लांब आणि जवळजवळ एक मैल खोल आहे. आमचा सिंहगड पायथ्यापासून मोजून एकावर एक दोन ठेवले तरी वरचा बुरूज कड्याच्या खालींच राहील. काकांच्या कार्डांतील लाल दरी तीच. त्या दिवशींच्या पानावर खर्चाखालीं एकच ओळ आहे: "कार्डांत आहे त्याहून लाल."

तेथून लॉस एंजेलिस, मग पॅसिफिक महासागराच्या अगदीं कांठानें सान फ्रान्सिस्कोच्या बाजूस, आणि परत येतांना कॅलिफोर्निया झेफर नांवाची गाडी. हिची पूर्ण वाट सुमारें ३,९०० किलोमीटरांची, म्हणजे मुंबईहून नागपुरावरून हावड्यास जाण्याच्या दुप्पट. वेळापत्रकाप्रमाणें बावन्न तासांच्या आसपास. सिएरा नेवाडा पर्वतांत ही गाडी ज्या मार्गानें चढते तो चिनी मजुरांनीं बांधला. १८६९ च्या मे महिन्यांत पूर्व आणि पश्चिम हे दोन्ही रूळ युटामध्यें एकमेकांस मिळाले. आपला बोरघाटाचा मार्ग त्याआधीं सहा वर्षें, १८६३ सालीं पुरा झाला होता. दोन्ही ठिकाणीं डोंगर फोडतांना किती गरीब मेले, हें उतारूस खिडकींतून दिसत नाहीं. पुढें रॉकी पर्वतांत दहा किलोमीटर लांबीचा मॉफट बोगदा लागतो. तो १९२८ सालीं खुला झाला. त्या डोंगराच्या एका बाजूचें पाणी पॅसिफिककडे जातें आणि दुसऱ्या बाजूचें मिसिसिपीला मिळून अटलांटिककडे. नातीनें लिहिलें आहे, "बोगद्यांत महाबळेश्वराची आठवण झाली. एकाच डोंगरावर सावित्री पश्चिमेला, कृष्णा पूर्वेला." मीं ही गोष्ट तिला ती सहा वर्षांची असतां सांगितली होती. मास्तराला याहून मोठें वेतन मिळत नाहीं.

आतां जें सांगावयाचें तें सांगतों. न्यू जर्सींत काकांचे चिरंजीव राहतात. त्यांच्याकडे या मुली सहा रात्री राहिल्या. आमचा त्यांच्याशीं संबंध दिवाळीच्या शुभेच्छांपुरता होता. परंतु नात येत आहे असें कळतांच ते स्वतः स्थानकावर आले. दुसऱ्याच दिवशीं ते त्यांना आपल्या मोटारींतून हडसन नदीच्या कांठीं पुकीप्सी गांवीं घेऊन गेले. तेथें आनंदीबाई जोशी यांच्या अस्थींची जागा आहे. आनंदीबाईंनीं १८८६ सालीं फिलाडेल्फियास डॉक्टरची पदवी मिळविली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, बाविसावें वर्ष पुरें होण्याआधींच, पुण्यास देह ठेवला. तिकडे ज्या कार्पेंटरबाईंनीं त्यांना लेकीप्रमाणें घरांत ठेवलें, त्यांच्याकडे त्यांच्या अस्थि पाठविण्यांत आल्या, आणि त्या बाईंच्या घराण्याच्या स्मशानभूमींत त्यांचा दगड उभा आहे. वहींत नोंद आहे: "फुलें, सहा डॉलर."

परत आल्यावर त्या रात्रीं चुलतबंधूंनीं कपाटांतून एक पाकीट काढलें आणि तिला म्हटलें, "बाबांनीं हें आयुष्यभर जपलें. तुला अक्षर ओळखतें का पाहा." तें १९६७ चें पत्र होतें. मजकूर आमच्या आजोबांचा. त्यांनाहि तेव्हां लिहितांना हात चालत नसे. अक्षर दादांचें. दादा त्या वेळीं अठरा वर्षांचे होते.

नातीनें त्या पत्राचें छायाचित्र पाठविलें नाहीं. तिनें फक्त मला, एकट्याला, लिहिलें: "नानाआजोबा, तुमचें मे महिन्यांतलें पत्र माझ्याजवळ होतें. दोन्ही पत्रें शेजारी ठेवून वाचलीं. तीन वाक्यें जवळजवळ सारखीं आहेत. मला राग आला नाहीं, पण त्या काकाआजोबांना मग कार्ड टाकावेंसें कां वाटलें नाहीं, तें कळलें. मलाहि तुमचें पत्र आलें त्या रात्रीं पुन्हां कधीं घरीं कांहीं सांगूं नये असें वाटलें होतें."

मीं तें दोनदां वाचलें आणि माडीवर गेलों. दादा खिडकींत बसले होते. मीं त्यांना सगळें वाचून दाखविलें. लपविण्याचा अधिकार मला नव्हता. पुष्कळ वेळानें ते बोलले. "आजोबांनीं सांगितलें त्याहून दोन ओळी मीं अधिक लिहिल्या होत्या. मला कॉलेजला जावयाचें होतें आणि पैसे नव्हते. काका तिकडे हिंडत होते याचा मत्सर माझाहि होता. आजोबांच्या नांवानें मीं तो काढला." एवढें बोलून त्यांनीं डोळे पुसले. मीं काय सांत्वन करणार? दादांच्या नांवानें मीहि तेंच केलें होतें. सदतीस वर्षें ज्या देशाचा नकाशा मीं काढून पुसला, तो देश काल जन्मलेली पोर पाहणार, ही सल माझ्या वळणदार भाषेंत उतरली नसेल असें मी कसें म्हणूं?

जुलैच्या आरंभीं नात शिकागोस परत पोंचली आणि तिनें एकूण हिशेब पाठविला. पास चारशें नव्याण्णव; हॉस्टेलच्या नऊ रात्री चारशें पांच; खाणें दोनशें सोळा; गांवांतील गाड्या व दरीपर्यंतची मोटार एकशें अडुसष्ट; प्रवेश वीस; फुलें सहा. एकूण तेराशें चौदा डॉलर. तेवीस रात्रींपैकीं सहा गाडींत, सहा काकांच्या घरीं, दोन एका वर्गभगिनीच्या घरीं. शिल्लक दोनशें शहाऐंशी डॉलर तिनें व्याजाकडे घालण्यासाठीं घरीं पाठविले. दादांनीं चष्मा लावून बेरीज दोनदां पडताळली. ती बरोबर होती. मग त्या रविवारीं पडद्यावर नात दिसतांच ते गंभीर मुद्रेनें म्हणाले, "हिशेबांत एक दोष आहे."

ती घाबरली. "कोणता, आजोबा?"

"पासांत टप्पे दहा. तूं वापरलेस आठ. दोन टप्पे वायां गेले."

"सुटी संपत आली होती, आजोबा, आणि पैसेहि."

"पैसे कमी पडत होते तर घरीं सांगायचें होतेंस," दादा म्हणाले. "पुढच्या खेपेस सांग." आणि मग आवाज सांवरून, "फुलांना सहाच डॉलर कां?"

नातीचें शिक्षण २०२४ सालीं पुरें झालें. नोकरी लागण्यास चार महिने गेले, म्हणजे दादांची भीति अगदींच निराधार नव्हती. ते चार महिने आम्हीं घरांतून ओढून नेले. आतां हप्ते तीच भरते. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत काकांचे चिरंजीव वाईस आले, तें पाकीट बरोबर घेऊन. दादांनीं तें त्यांच्या हातून घेतलें आणि दोघे मिळून कृष्णेवर गेले. तेथें काय झालें तें मीं विचारलें नाहीं. परत आले तेव्हां पाकीट दोघांच्याहि हातांत नव्हतें.

वाचकहो, मुलांनीं ऋण विसरून देशोदेशीं हिंडावें असें माझें म्हणणें नाहीं. घर तारण ठेवणाऱ्या वडील माणसांस हिशेब मागण्याचा अधिकार आहे, आणि जें मूल हिशेब देऊं शकतें त्याच्या हातून पैसा वायां जात नाहीं. माझें सांगणें एवढेंच कीं घरचें कर्ज आणि आपल्या मनांतली खंत या दोन रकमा एकाच खात्यावर मांडूं नयेत. आणि रागाचें पत्र लिहावयाचेंच झालें तर तें देवाजवळ ठेवून एक रात्र जाऊं द्यावी. आतां टपाल मधली रात्र मिळवून देत नाहीं, ती आपली आपणच घातली पाहिजे.

काकांचीं सहा कार्डें आतां मीं काचेंत बसवून माजघरांत लावलीं आहेत. त्यांच्या शेजारीं नातीनें पाठविलेलें एक आहे. तें सातवें.